नानाजींचं जुनं मीटर

लाइट गेली की आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत प्रत्येकजण आधी शेजाऱ्याची गेली का ते बघतो. आमचे शेजारी नानाजी तेवढ्यात घड्याळ पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ लिहितात. लाइट आली की पुन्हा लिहितात. "प्रमोद, पूर्वसूचना न देता दीड तास," असं कुंपणावरून मला ऐकवतात, जणू वायर मीच कापली.

नानाजी तहसीलमध्ये आवक-जावक बाबू होते. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, हे वीजपुरवठा संहितेला लागले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून तर ते पुस्तक जेवतानाही ताटाशेजारी असतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना मीटर कुठे बसवावं यावर इतकं समजावलं, की व्याही अजून आमच्याकडे यायच्या आधी फोन करून विचारतात, "ते मीटरवाले असतील का?"

कोणताही अर्ज दिला की पोच घ्यायची, हा त्यांचा धर्म. "पोच नाई घेतली तं अर्ज नाई देल्ला, पतंग उडवली समज."

यंदा गल्लीत नवी मीटरं लागायला लागली. ऑफिसात बसून आकडा दिसतो म्हणे. सगळ्यांनी लावून घेतली, नानाजी अडले. आठ पानी हरकत लिहिली. "माह्यं मीटर बंद नाई, खराब नाई, मंग काऊन बदलवता?" दोनदा त्यांनी माणसं परत पाठवली. आम्ही गल्लीवाले हसलो. म्हाताऱ्याला वेळ घालवायला काहीतरी हवंच, असं मीही म्हणालो.

मग आर्वीला त्यांच्या जुन्या सोबत्याची तेरवी आली. निघताना त्यांनी हरकतीची प्रत माझ्या हातात दिली. "मीटरवाले आले तं हे देजो. अन् पोच घेजो. विसरशीन नाई ना?"

विसरलो नाही. दोघं आले. मी अर्ज दिला, पोच मागितली. एकाने खिशातून पेन काढून, तारीख-वेळ घालून सही केली. इतकी सुवाच्य पोच मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती घरात नेऊन प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवली, समाधानाने चहा घेतला. बाहेर आलो तेव्हा नानाजींच्या भिंतीवर नवं मीटर होतं आणि ते दोघं पुढच्या गल्लीत.

"आता पोचीले फ्रेम करा," बायको म्हणाली. "तुमाले राखाले सांगितलं तं कुंपनई चोरीले जाईन."

संध्याकाळी नानाजी आले. मी पोच पुढे केली. त्यांनी ती वाचली, भिंतीकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो. ते ओसरीच्या पायरीवर बसले.

"म्हंजे गजानन आता येनार नाई."

"कोण गजानन?"

"रीडिंगवाला. सिंदी रेल्वे गावचा हाय. दर महिन्याले येते, मीटरचा फोटो काढते, मंग अर्धा तास इथं बसते. गुडघे दुखते त्याचे. तुही काकू होती तवा पोहे देये त्याले. आता मी करतो. मले जमत नाई, पन खाते. शुगर किती निघाली, इचारते."

"नंबर असेल ना? फोन करून बोलवू," मी म्हटलं.

"काम नसल्यावर कसा येईन तो? भाडं लागते." मग भिंतीवरच्या मीटरकडे पाहून ते म्हणाले, "अन् त्याचं कामच गेलं असंन तं?"

त्यांनी संहिता काढली. उजेड होता तोवर बोटाने ओळी शोधत राहिले.

"रीडिंगवाल्याचं यात काईच नाई रे."

इतकी वर्षं कुंपणापलीकडे राहून त्यांच्या ओसरीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. संहिता मिटून त्यांनी विचारलं, पोहे खाशील का. मी हो म्हटलं.

खरंच जमत नाहीत त्यांना.