नानांची पट्टी

नानांच्या पिशवीत तीन वस्तू कायम असतात: पाण्याची बाटली, जुना फडका आणि रंगारी वापरतात तसली लोखंडी पट्टी. एस.टी. स्टँडवर उतरले की नाना आधी पुरुषांच्या मुतारीत शिरतात. तिथे भिंतीवर ‘मर्दानी ताकद, पहिल्याच पुडीत गुण’ असला कागद दिसला की तो भिजवायचा, पट्टीने खरवडायचा आणि गोळा करून कचऱ्यात टाकायचा. मागे लोक ताटकळत असले तरी नानांचा हात भराभर चालत नाही. कोणी ओरडलंच तर वळून म्हणतात, “घाई कसानी शे?”

‘घाई कशाची आहे’, हे त्यांचं अहिराणी पालुपद. दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलर सांभाळून निवृत्त झाले आणि कॉलनीच्या फाटकासमोर दोन खोल्या बांधून एकटेच राहिले. भाकरी चावताना, बुटाची नाडी बांधताना, रस्ता ओलांडताना, सगळीकडे घाई कसानी शे. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत एकेक स्टँड त्यांनी स्वच्छ केलं होतं. फक्त चाळीसगावला कधी जात नसत. विचारलं तर म्हणत, “तठे दुसरं कोणी करी.”

मी त्याच केंद्रात नोकरीला. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली तीही भुसावळच्या मुतारीतच, आणि अशी ओळख वैऱ्याचीही होऊ नये. मी खिशातल्या चिठोऱ्यावर असल्याच एका कागदावरचा नंबर उतरवत होतो. तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक लोखंडी पट्टी हळूच पुढे आली.

“लिखी लिधा का नंबर? मंग काढी टाकू का?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. वैशालीजवळ गेलो की सुरुवात होते न होते तोच माझं सगळं आटोपायचं. मग मी पाठ फिरवून झोपेचं सोंग घ्यायचो. पुढे पुढे जवळ जाणंच सोडलं आणि दुसऱ्यांच्या ड्युट्या मागून घ्यायला लागलो. वैशाली शेवटी धुळ्याला माहेरी निघून गेली होती आणि महिनाभर फोन उचलत नव्हती. संसार मोडायला आला होता आणि मी मुतारीतल्या भिंतीला सल्ला विचारत होतो!

नानांनी मला बाहेर बाकावर बसवलं. मी चाचरत सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “शीघ्रपतन म्हन ना सरळ. लाज कसानी? नाकले सर्दी व्हस, तसं हाई बी एक दुखणं शे. गुरुवारले जळगावले जाऊ. डॉक्टरकडे. खऱ्या.”

शेजारची बाई पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर गेली.

गुरुवारी दवाखाना गच्च भरलेला. खिडकीतल्या मुलीने तक्रार विचारली आणि मी एक पाऊल मागे सरलो. नाना पुढे झाले. सदुसष्ट वर्षांचे, धोतर, टोपी, आणि आवाज बॉयलरवर कमावलेला.

“शीघ्रपतन. माले. लिख.”

सगळा दवाखाना त्यांच्याकडे पाहू लागला. एका पोरीने पदराआड तोंड लपवलं. नाना ताठ बसून राहिले आणि मी त्यांना डॉक्टरकडे आणणारा गुणी मुलगा ठरलो. नंबर लागल्यावर आत गेलो. डॉक्टरांना ही खोड ठाऊक असावी, कारण ते फक्त हसले. नाना म्हणाले, “आते तू बोल. मी बाहेर बठस.”

डॉक्टरांनी तपासलं, सगळं विचारलं. ही तक्रार पुष्कळ पुरुषांना असते, म्हणाले. मर्दपणाशी तिचा संबंध नाही, आणि ‘आज पुन्हा तसंच होईल’ या धास्तीने ती वाढते. आवरेनासं व्हायच्या आधीच थांबायचं, श्वास सावरायचा, उसळी ओसरू द्यायची, मग पुन्हा सुरू. हे शिकावं लागतं, आठवडे लागतात. गरज पडली तर गोळ्या आहेत, पण चिठ्ठीवरच्या. पुड्या अजिबात नाहीत. आणि शेवटी, “पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या.”

तिथे माझा धीर सुटला. नानांचा सुटला नाही. रविवारी केळ्याची फणी घेऊन ते माझ्या आधी स्टँडवर हजर.

धुळ्याला ते सासऱ्यांशी कापसावर बोलत बसले आणि मी गच्चीवर वैशालीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एकदम रडायला लागली. “मला वाटलं, मीच तुम्हाला आवडत नाही. तोंड फिरवायचे ना तुम्ही!”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आठ महिने फक्त स्वतःची लाज सांभाळत बसलो होतो.

ती परत आली. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. चुकलो, हसलो, पुन्हा थांबायला शिकलो. तीन महिन्यांनी बरंच जमू लागलं. नाना रस्त्यात भेटले की फक्त एवढंच विचारायचे, “घाई नही ना?”

मग एका रविवारी वैशालीने त्यांना भरीत-भाकरीला बोलावलं. जेवण झाल्यावर ती सहज म्हणाली, “नाना, तुम्ही नसता तर मी आलेच नसते. मला वाटायचं, मी यांना नकोशी झालेय.”

नानांचा सुपारीचा हात थांबला. मग सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनच त्यांना हाच त्रास होता. दोन वर्षं गुपचूप पुड्या खाल्ल्या, बायकोला एक अक्षर बोलले नाहीत. एके दिवशी ती म्हणाली, मला माहेरी जायचंय. नानांनीच तिला चाळीसगावच्या स्टँडवर नेऊन सोडलं. ती परत आली नाही. फारकत झाली, तिचं दुसरं लग्न झालं.

“माले वाटे, मी मर्द नही म्हनीसन ती गई,” नाना वैशालीकडे पाहत म्हणाले. “तिलेबी तुनासारखंच वाटनं व्हई का, बेटा?”

वैशालीने त्यांच्या हातावर हात ठेवला. “वाटलं असेल, नाना.”

चाळीस वर्षांनी त्यांना हे कळत होतं. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, पुन्हा घातली आणि पिशवी उचलली.

“पुढला रविवारले चाळीसगावले जाणं शे,” ते मला म्हणाले. “तूबी चाल.”

गेलो. मुतारीची भिंत वरपासून खालपर्यंत कागदांनी भरलेली. नानांनी पिशवीतून पट्ट्या काढल्या. या वेळी दोन होत्या.