पाहिलं, मी लगेच बघतो

पार्सल कंपनीतला एखादा सर्व्हर, म्हणजे मोठा संगणक, रुसला, की सगळे सर्व्हरकाकांच्या टेबलाकडे धावायचे, आणि काका हातातला चहा संपवून मगच उठायचे. तोवर साहेबसुद्धा शेजारी उभे राहायचे.

मग काकांच्याच टीममध्ये एक तरुण मॅडम नोकरीला लागल्या. त्यांनी एक सॉफ्टवेअर बसवलं. काहीही बंद पडलं, की सगळ्या टीमच्या फोनवर इशारा यायचा. जो आधी उत्तर देईल, काम त्याचं. काका चष्मा शोधून नाकावर चढवेपर्यंत मॅडमचं उत्तर गेलेलं असायचं. साहेब जाता-येता म्हणायचे, "चपळाई बघा जरा." काका दिवसभर मॅडमच्या नावाने कुरकुरायचे.

घरीही तेच. शेवटी बायको म्हणाली, "त्या पोरीचं सगळं मला पाठ झालंय. आता आपल्या घरातलं काही बोलू या का?"

काकांनी मग फोनमध्येच सोय करून टाकली. मेसेजमध्ये 'बंद' शब्द दिसला, की त्यांच्या नावाने आपोआप उत्तर जाणार: "पाहिलं. मी लगेच बघतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच इशाऱ्याला मॅडम हरल्या. त्यांनी वळून कौतुकाने पाहिलं. काकांनी लक्ष नसल्याचं दाखवलं, पण छाती शर्टाच्या गुंड्यांना आवरेना.

थोड्या वेळाने कँटीनवाल्या बाई आल्या. "फ्रिज बंद पडल्याचं सगळ्यांना कळवलं होतं. उत्तर एकट्या तुमचं आलं. चला."

नाही म्हणावं, तर बिंग फुटणार. काका मुकाट्याने फ्रिजमागे शिरले. तिथून निघतात तोच रखवालदार हजर. फाटकावरचा दिवा बंद होता. मग हिशेब खात्यातला पंखा. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"वॉशिंग मशीन बंद पडलंय म्हटलं, तर तुम्ही 'लगेच बघतो' म्हणालात. तब्येत बरी आहे ना तुमची?"

काका फोन टेबलावर ठेवून स्टुलावर चढले, पंख्याची वायर चाचपू लागले, आणि नेमका तेव्हाच पार्सलच्या चिठ्ठ्या छापणारा सर्व्हर बंद पडला. इशारा आला. काकांच्या फोनने तत्काळ उत्तर दिलं. माणूस मिळाला असं समजून सॉफ्टवेअरने पुढच्या हाका थांबवल्या. काका बघताहेत म्हणून मॅडमही आपल्या कामात बुडाल्या.

चिठ्ठी नाही म्हणून पार्सल हलेना, पार्सल नाही म्हणून ट्रक हलेनात. रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. भोंगे सुरू झाले. साहेबांनी काकांना मेसेज केला, "सगळं काम बंद आहे, कुठे आहात?" लगेच उत्तर आलं. साहेब निश्चिंत झाले. बऱ्याच वेळाने अस्वस्थ झाले, आणि भोंगे असह्य झाल्यावर मॅडमना घेऊन शोधायला निघाले.

"काका, बघताय ना?"

"बघतोय की," वरून काका म्हणाले.

"काय?"

"पंखा."

मॅडमनी तिथेच बसून सर्व्हर सुरू केला. मग टेबलावरच्या फोनवर एकसारख्या उत्तरांची रांग पाहिली, काकांकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. काकांच्या लक्षात आलं, की आता एकच गोष्ट करण्यासारखी आहे. ते स्टुलावरून उतरले, घसा साफ केला.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. नुसत्या उत्तरावर सॉफ्टवेअरने थांबायला नको होतं. मी आजच दुरुस्त करते."

साहेब विरघळलेच. "याला म्हणतात मोठं मन."

काका तोंड उघडं ठेवून उभे राहिले. 'चूक माझी आहे' हेच तर ते म्हणणार होते. इथेही पोरीने आधी नंबर लावला.