सिरिलची सीट

"घेऊन जा की, मिस्टर पेनफोल्ड. नाहीतरी नुसतीच उभी आहे," असं ऑड्री म्हणाली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

आमच्यात हे वाक्य बोलायचं असतं, मनावर घ्यायचं नसतं. समोरच्यानं "छे छे, तसं कसं?" म्हणायचं. आपण "नाही हो, खरंच" म्हणायचं. त्यानं पुन्हा "छे छे" म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं. केंब्रिजमध्ये जन्मलेल्या कुत्र्यालाही एवढं कळतं. पण मिस्टर पेनफोल्ड आमच्या चर्चचे धाकटे पाद्री, वय सत्तावीस, वेल्सच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातून नुकतेच आलेले. तिकडे बहुतेक माणसं मनात असतं तेच बोलतात. ते "छे छे" एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले, मिसेस थर्लो."

आणि माझ्या भावाची सायकल घेऊन गेले.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. त्यांची स्वतःची सायकल सकाळीच स्टेशनाबाहेरून चोरीला गेली होती. सायकल उभी केली की सीट काढून पिशवीत टाकायची, म्हणजे चोराला बसता येत नाही, हा सल्ला त्यांना इथल्याच कुणा शहाण्यानं दिला होता. चोर पठ्ठ्या उभ्यानं चालवत गेला. बिचारे आमच्या दारात उभे राहिले तेव्हा बूट चिंब, आणि पिशवीत बायबल नि सीट. अशा माणसाला नुसता चहा देऊन कसं वाटेला लावायचं? म्हणून ऑड्री ते वाक्य बोलली.

सिरिल माझा धाकटा भाऊ, ऑड्री त्याची बायको, आणि मी शेजारच्या घरात. मधली भिंत इतकी पातळ की तिच्याकडे किटली उकळली की माझ्याकडे कप निघतो. सिरिल गॅसचे मीटर वाचायचा. खांद्याला पिशवी, पँटला चिमटा, आणि बुडाखाली ती काळी सायकल. दांड्यांचे ब्रेक, चेनला पत्र्याचं आवरण, आणि वजन एवढं की पुलाच्या चढावर माणूस तिला नेतोय की ती माणसाला, ते कळायचं नाही. एक्केचाळीस वर्षं त्यानं तीच चालवली. फेब्रुवारीत तो गेला. दफनाच्या दिवशी ऑड्रीनं पन्नास माणसांना सँडविच केले, कडा कापून, आणि एकदाही डोळे पुसले नाहीत. मीही रडले नाही, पण मी रडतच नाही, ते वेगळं.

पेनफोल्ड सायकल घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑड्री माझ्या मागच्या दारानं आली. हात पिठानं भरलेले.

"हिल्डा, सीट गेली."

"सायकल गेली म्हण."

"सायकल जाऊ दे खड्ड्यात! सीट गेली. चामड्याची सीट. त्यात सिरिलचं..." ती थांबली आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "त्यात त्याचं बूड आहे."

मी म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. पण ऐकल्यावर माझंच फिरलं. त्या जुन्या सीटचं चामडं बसणाऱ्याचा आकार घेतं. एक्केचाळीस वर्षांत त्यात दोन खड्डे झालेले, आणि डावा जास्त खोल, कारण मीटरची पिशवी डाव्या खांद्याला आणि गडी जन्माचा डावीकडे कललेला.

"एकाही फोटोत त्याचे डोळे उघडे नाहीत," ती म्हणाली. "कपडे धुऊन चर्चच्या विक्रीला दिले, शहाणी मी! उशीला वास होता तो मार्चमध्ये गेला. त्याच्या मापाचं तेवढंच उरलं होतं, हिल्डा. रोज संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत जाऊन त्यावर हात ठेवत होते. आता त्यावर ते पेनफोल्ड बसलेत."

"मग जा आणि माग."

"काय सांगू? पाद्रीसाहेब, माझ्या नवऱ्याचं बूड परत द्या?"

मी तिच्यापुढे हात धुवायला पाणी ठेवलं.

आधी तिनं आडून सांगून पाहिलं. त्यांना चहाला बोलावलं आणि म्हणाली, "सायकल फार जड नाही ना तुम्हाला?"

"छान व्यायाम होतो, मिसेस थर्लो!"

"आणि ब्रेक? पावसात लागत नाहीत हो ते. सिरिल दोनदा नदीत गेला होता."

"देव आहे ना," पेनफोल्ड म्हणाले आणि त्यांनी केकचा चौथा तुकडा घेतला. माणूस मुळात गुबगुबीत. ऑड्री त्या तुकड्याकडे अशी बघत होती की मला दया आली. प्रत्येक तुकडा शेवटी सिरिलवरच बसणार होता.

मग तिनं युक्ती काढली. जाड हिरव्या लोकरीचं, खाली नाडीनं आवळायचं, सीटचं आवरण विणलं. मधे एवढी लोकर असली की खालचं चामडं तरी शाबूत राहील. रविवारी चर्चच्या दारात तिनं ते त्यांच्या हातात ठेवलं. झालं उलटंच. त्यांना ते इतकं मऊ लागलं की पूर्वी चालत जायचे तिथंही ते आता सायकलनं जाऊ लागले. हॉस्पिटल, शाळा, आजारी म्हाताऱ्या, बऱ्या म्हाताऱ्या. खिडकीसमोरून दिवसातून सहादा घंटी वाजवत जायचे, आणि प्रत्येक वेळी ऑड्री हातातलं भांडं खाली ठेवायची. ती सिरिलचीच घंटी होती.

त्यात चर्चच्या फुलांचं बघणाऱ्या मिसेस हॉब्स. त्यांना देवानं कान दिले दोन आणि तोंडं दिली चार. त्यांनी बेकरीत रांगेत उभं राहून जाहीर केलं, "नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले नाहीत, आणि हिनं पाद्र्याच्या बुडासाठी लोकर घेतली."

मी त्यांच्या मागेच उभी होते. म्हटलं, "मिसेस हॉब्स, तुमच्या मिस्टरांसाठी तुम्ही तीस वर्षांत मोजासुद्धा विणला नाही, म्हणून ते दिवसभर नदीवर गळ टाकून बसतात." पाव न घेताच गेल्या बाई. पण बोलणं पसरायचं ते पसरलंच, आणि आता सायकल परत मागायची सोयही उरली नाही. मागितली असती तर लोक म्हणाले असते, दोघांचं बिनसलं.

"चोरायची," एका शनिवारी ऑड्री म्हणाली.

"सायकल?"

"सीट. बदल्यात नवी लावायची. ती चोरी होत नाही."

त्र्याहत्तराव्या वर्षी मी चोरांची पहारेकरीण झाले. पेनफोल्ड सगळीकडे सीट काढून बरोबर न्यायचे, फक्त चर्चमध्ये नाही. देवाच्या दारातून कोण नेणार, असं त्यांचं म्हणणं. रविवारी प्रवचन सुरू झालं तशी ऑड्री खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडली आणि मी तिला सांभाळायचं निमित्त करून. कठड्याला तीस काळ्या सायकली टेकलेल्या. हिरवं आवरण लांबूनच दिसलं. तिनं फुलांच्या टोपलीतून सिरिलचा पाना काढला, नट सैल केला आणि सीट आवरणासकट उचलून टोपलीत घातली. मग नवी काढली. तिची पकड अरुंद निघाली, सायकलच्या दांडीवर बसेना.

"जोरात दाब!" मी म्हटलं.

"हे काय लोणचं आहे बरणीत दाबायला?"

तेवढ्यात आत शेवटचं गाणं सुरू झालं. दोन्ही सीटा टोपलीत, वर शेवंतीची फुलं, आणि आम्ही दोघी खोकत दारात उभ्या.

लोक बाहेर आले आणि एकच गलका झाला. नुसती दांडी वर आलेली सायकल बघून मिसेस हॉब्स ओरडल्या, "देवाच्या दारात! ही कॉलेजच्या पोरांचीच कामं!" ऑड्रीही म्हणाली, "काय दिवस आलेत!" आणि टोपली दुसऱ्या हातात घेतली. पेनफोल्ड मात्र ऑड्रीकडे बघत होते. तोंड उघडलं, कानापर्यंत लाल झाले, तोंड मिटलं. मग पेडलांवर उभे राहून, झगा फडफडवत पुलाकडे गेले. थोडं वाईट वाटलं मला. थोडंच.

घरी येऊन ऑड्रीनं पडदे ओढले. टेबलावर टॉवेल पसरला, त्यावर सीट ठेवली, नाडी सोडली आणि आवरण काढलं.

चामडं सपाट होतं. दोन्ही बाजू सारख्या. डावीकडे काही नाही.

तिनं हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. दिवा लावला, जणू उजेडानं खड्डा पडणार होता.

"सात आठवड्यांत पुसून टाकलं," ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं, हिल्डा. सात आठवड्यांत."

आणि ती रडायला लागली. फेब्रुवारीपासूनचं सगळं, कडा कापलेल्या सँडविचसकट, त्या टॉवेलात गेलं. मी काय करणार? म्हटलं, "चहा टाकते." किटलीत पाणी भरायचं तेवढं मला जमेना. नळ कुठे आणि किटली कुठे.

दार वाजलं.

ऑड्रीनं आवरण आणि सीट उचलून सिरिलच्या खुर्चीतल्या उशीखाली कोंबली, तोंड पुसलं आणि दार उघडलं. पेनफोल्ड होते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "बसा ना," ती सवयीनं म्हणाली, आणि ते बसले. नेमके त्याच खुर्चीत. नेहमीपेक्षा चार बोटं उंच आणि जरा पुढे झुकलेले. आमच्यात अशा वेळी कुणी काही विचारत नाही. आता त्यांनाही तेवढं कळायला लागलं होतं.

"मिसेस थर्लो, मला एक सांगायचंय. आज चोरीला गेली ती सीट माझी होती. माझ्या जुन्या सायकलची. मिस्टर थर्लोंची नव्हती."

किटलीचं झाकण माझ्या हातातून पडलं.

"पहिल्या दिवशी मी तुमच्या कोपऱ्यापर्यंतच गेलो. बसलो आणि... कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं. ती जागा माझी नव्हती. खाली उतरलो, चालत घरी गेलो, त्यांची सीट काढली आणि माझी लावली. ही त्यांची कपाटात ठेवली होती. रोज ठरवायचो, आज नेऊन द्यायची. पण द्यायची म्हणजे काय म्हणून द्यायची? हे तुमच्या यजमानांचं..."

"बूड," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"हो," ते म्हणाले. "धन्यवाद."

ऑड्रीनं कागद सोडला. काळं, घासून चकचकीत झालेलं चामडं, कडांना भेगा, दोन खड्डे. डावा जास्त खोल. तिनं त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग तिनं हात काढला आणि ती सीट माझ्याकडे सरकवली.

मी म्हणणार होते, मला कशाला. पण हात गेलाच. आमची आई लवकर गेली. ह्या पोराला मीच न्हाऊ घातलेलं, मीच अंगणात बोट धरून चालवलेलं. तेव्हाही तो डावीकडेच कलायचा. "सरळ चाल रे," म्हणून मी किती वेळा ओरडले असेन. नव्हता चालला सरळ, बरं झालं.

पेनफोल्ड निघायला उठले तशी उशी घसरली आणि हिरव्या लोकरीचा कोपरा बाहेर आला. त्यांनी तो पाहिला. ऑड्रीनं त्यांना पाहताना पाहिलं. माझ्या किटलीला उकळी फुटून पाणी उतू जायला लागलं, पण मी हलले नाही.

"मिस्टर पेनफोल्ड," ऑड्री म्हणाली. आवाज अगदी सरळ. "माझ्याकडे एक जुनी सीट आहे. आवरणही आहे. घेऊन जा की. नाहीतरी नुसतीच पडली आहे."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"छे छे, तसं कसं?"

"नाही हो, खरंच."

"छे छे."

"खरंच घ्या."

"तुमचे फार उपकार झाले, मिसेस थर्लो," ते म्हणाले आणि स्वतःची सीट काखेत मारून, टोपी उचलून बाहेर पडले. कोपऱ्यावर घंटी वाजली, दोनदा, सिरिल वाजवायचा तशी. आम्ही दोघी ती संपेपर्यंत ऐकत बसलो.

पेनफोल्ड अजून दर गुरुवारी चहाला येतात. दारातून आत आले की सिरिलच्या खुर्चीला वळसा घालून माझ्या शेजारच्या कडक बाकावर बसतात. एकदा मिसेस हॉब्स आल्या होत्या. त्या तरातरा खुर्चीकडे गेल्या, आणि मी, ऑड्री आणि पेनफोल्ड तिघं एकदमच म्हणालो, "तिथं नको."

"का? रिकामी तर आहे," त्या म्हणाल्या.

ऑड्रीनं त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातून स्टूल आणून दिलं.