रुसलेली पावडर

चुनखडीची पावडर रुसते, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. डोमाजी आमच्या गिरणीत चाळणीवर होता आणि पावडरीची समजूत काढायला तो ढोल वाजवत असे.

चांद्याजवळच्या त्या गिरणीत मी स्टोअरकीपर होतो. गोष्ट पन्नास सालानंतरची. चुनखडीचा दगड मैद्यासारखा दळून आम्ही कोळशाच्या खाणींना पुरवत असू. कोळशाच्या धुळीचा भडका उडू नये म्हणून ही पावडर खाणीत फवारतात. ती उडाली पाहिजे. तिच्या गुठळ्या काय कामाच्या? पण हवा जरा दमट झाली, की पत्र्याच्या टाकीत ती थिजून बसे. खालचं तोंड सताड उघडं आणि बाहेर चिमूटही नाही.

बाकीचे टाकीला मोगरीने बडवत. डोमाजी कपाळाला हात लावी.

"बाबूजी, तिले मारता काऊन? रुसली हाये. मनवा लागते."

मग गावच्या दंडारीच्या नाचगाण्यात वाजवलेला आपला ढोल तो टाकीला टेकवी आणि जाड, घुमणाऱ्या थापा देई. पत्रा थरथरे, आत काहीतरी सैल होई आणि पावडर पाण्यासारखी वाहू लागे.

एवढ्यावर थांबला असता, तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं. पण त्याने टाक्यांना स्वभाव वाटून दिले होते. पहिली सासुरवाशीण, तिला हळू ठेका. दुसरी माजोरी. तिसरीला सकाळी सकाळी काहीच आवडत नसे. पावसाळ्यात ढोल माझ्या चहाच्या शेगडीवर शेकला जाई आणि चहा ताटकळत राही. जेवणाच्या सुटीत सगळे दोन घास शांतपणे खायला बसले, की याची पहिल्या टाकीशी मनधरणी सुरू.

त्या टाकीपलीकडे त्याची बायको कौसाबाई पोती शिवायची. दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी वर्षं काढून ती ठार बहिरी झाली होती. 'गिरणीत सुखी अशी ती एकटीच,' असं मी सगळ्यांना हसत सांगत असे.

मग नवे साहेब आले. त्यांनी सामानाची यादी इंग्रजीत मागितली. माझ्या यादीतून काही सुटत नाही. ढोल स्टोअरात राहतो, म्हणून मी तोही लिहिला: ड्रम, नग एक. साहेबांनी शेरा मारला, जुने ड्रम भंगारात द्यावेत. तेलाच्या पिंपांबरोबर ढोलही बैलगाडीत चढला.

डोमाजी फाटकापर्यंत गाडीमागे गेला. "बाबूजी, हे पीप व्हय का?"

"यादीत आहे, डोमाजी," मी म्हणालो.

आठ दिवस मोगऱ्या चालल्या. टाक्यांना पोचे पडले, पावडर अडत अडत निघाली. डोमाजीने मोगरीला हात लावला नाही.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुटीत पुन्हा थापा ऐकू आल्या, नुसत्या तळहाताच्या. पहिली टाकी सकाळीच रिकामी झाल्याची नोंद मी केली होती. याला आज रंगेहात धरायचा, असं ठरवून मी गेलो.

"रिकाम्या टाकीले काय मनवून राह्यला, डोमाजी?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

त्याचे तळवे लालभडक झाले होते. मी टाकीला वळसा घातला. पलीकडे कौसाबाई पत्र्याला पाठ टेकून बसली होती. मांडीवरची भाकर तशीच होती. बहिरी माणसं बोलतात तशी ती मोठ्यांदा म्हणाली, "जोरानं वाजवा ना जी. पाठीले काईच नाई लागून राह्यलं."

डोमाजी हातांकडे बघत म्हणाला, "हातानं तिच्यापर्यंत जात नाई, बाबूजी."

मी सायकल काढली. भंगारवाल्याने ढोलाचं स्टूल केलं होतं. त्याला त्यावरून उठवायला बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुटी झाली. टाकी रिकामीच होती. डोमाजीने ढोल टेकवला आणि एक थाप दिली. मी डबा उघडला नव्हता. पलीकडून कौसाबाईचा मोठा आवाज आला,

"हां. आता आलं."