छातीवरची अक्षरं

राष्ट्रीय महिला नेटबॉल महासंघाच्या दोन खोल्यांच्या कचेरीत एक हेडक्लार्क होता. त्याला सगळे शिक्का म्हणत, कारण त्याने एकदा सांगितलं की त्या गोष्टीवर शिक्का बसलाच म्हणून समजायचं. "तीस वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक दाखवा, मिशी उतरवून देईन," असं तो वर्षातून चारदा तरी म्हणायचा. मिशी भरघोस होती, दोन्ही टोकांना किंचित वळलेली, त्यामुळे पैजेला वजन यायचं. आजवर कुणी चूक दाखवली नव्हती. खरं सांगायचं तर कुणी शोधलीही नव्हती, कारण महासंघाच्या जुन्या फायली वाचणारा तो एकटाच होता.

शिक्क्याच्या निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा अध्यक्षबाईंनी त्याला शेवटचं काम दिलं. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर संघाचा आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सगळा इतिहास रंगवून घ्यायचा. शनिवारी जुन्या खेळाडूंना बोलावून पडदा सारायचा आणि त्याच कार्यक्रमात शिक्क्याला निरोप द्यायचा.

इतिहास तसा आटोपशीर होता. अकरा स्पर्धा. पहिल्या स्पर्धेत सोळा संघांत सोळावा नंबर. दुसरीत बारांत बारावा. तिसरीत चौदांत तेरावा, पण चौदाव्या संघाचं विमान चुकलं होतं. प्रगती होती, फक्त ती बघायला चष्मा लागायचा. आणि मग चौथी स्पर्धा, त्यातला शेवटचा सामना आणि संघाच्या आयुष्यातला एकुलता एक विजय. एक्केचाळीस विरुद्ध चाळीस.

त्या सामन्यात शेवटच्या क्षणी समोरच्या शूटरचा चेंडू हवेतच अडवणारी गोलकीपर म्हणजे पुढे शिक्क्याची झालेली बायको. सामन्यानंतर काही वर्षांनी ती या कचेरीत प्रमाणपत्र न्यायला आली होती. शिक्क्याने तेव्हाही ओळख पटवायला दोन साक्षीदार मागितले होते. साक्षीदार आणेपर्यंत तिच्या चार फेऱ्या झाल्या आणि चौथ्या फेरीत लग्न ठरलं. त्या विजयाबद्दल ती घरी कधी फारसं बोलली नाही. शिक्क्यानेही कधी विचारलं नाही आणि जन्मात एक सामना पाहिला नाही. ही गोष्ट त्याला आता, जाता जाता, टोचायला लागली. भिंतीच्या मधोमध त्या विजयी संघाचा फोटो मोठा करून लावायचा, खाली तिचं नाव ठळक रंगवायचं आणि तिला काही म्हणजे काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

फोटो मिळाला. पण चेहरे वाटाण्याएवढे, उन्हाने डोळे मिटलेले आणि केस पट्ट्यांत बांधलेले. मोठा करावा तेवढा तो रवाळ होत गेला. तरी शिक्का डगमगला नाही. नेटबॉलमध्ये खेळाडूच्या अंगावर नंबर नसतो. छातीवर आणि पाठीवर कापडी बिब चिकटवतात आणि त्यावर तिच्या जागेची अक्षरं असतात. गोलकीपर जीके, गोलशूटर जीएस, सेंटर सी. फायलीत त्या सामन्याचा गुणतक्ता होता आणि त्यात कोणत्या जागी कोण खेळलं ते शाईने लिहिलेलं होतं. फोटोतलं अक्षर बघायचं, तक्त्यातलं नाव काढायचं. दहा मिनिटांत सातही नावं पेंटरच्या हातात.

पेंटर शिडीवर चढला आणि थांबला. शिक्क्याच्या घराचं फाटक त्यानेच दोनदा रंगवलं होतं.

"साहेब, ही मधली, सी लिहिलेली, आपल्या वहिनींसारखी दिसते."

"ती आपल्या अध्यक्षबाई आहेत. सेंटर खेळायच्या."

"आणि वहिनींचं नाव या टोकाच्या उंच बाईखाली?"

"जीके आहे ना छातीवर? मग झालं तर. चेहरे काय, एकासारखे एक असतात. कागद बोलतो ते खरं."

पेंटर म्हणाला, "बरं साहेब," आणि ब्रश बुडवला. शिक्क्यालाही क्षणभर वाटलं की आपली बायको एवढी उंच कधी होती? पण गोलकीपर उंचच असणार. संसारात माणूस झिजतं, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याला थोडं वाईटही वाटलं. मग फोटो स्टुडिओत जाऊन त्याने जीकेवालीचा एकटीचा फोटो मोठा करून घेतला, फ्रेम बसवली आणि भेट म्हणून घरी कपाटात कोटामागे लपवून ठेवली.

त्या दिवशी जेवताना तो बायकोकडे बघत राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तू पूर्वी बरीच उंच होतीस ना?"

"म्हणजे आता खुजी दिसते का मी?"

"तसं नाही. वयानं होतं ते."

बायकोने आमटीचं भांडं उचलून आत नेलं. त्याने अजून वाढून घेतली नव्हती.

शुक्रवारी ती उद्यासाठी त्याचा शर्ट काढायला गेली आणि कोटामागून फ्रेम निघाली. फ्रेममध्ये तिच्या संघातली उंच शूटर, एकटी, हसरी. बायको बराच वेळ फ्रेम हातात धरून पलंगावर बसली. मग तिने चहा केला, साखर न घालता, आणि त्याच्यासमोर ठेवला.

"उद्या ती उंच येणार आहे का?"

"येणार तर. सगळ्यांना पत्रं गेलीत."

"तुम्ही लिहिलंत तिला?"

"स्वतःच्या हातानं."

"असं," ती म्हणाली आणि उठून गेली. नवऱ्याच्या निवृत्तीने बिचारी हळवी झाली आहे, असा शिक्क्याने अर्थ काढला. चहा तो तसाच प्यायला.

शनिवारी दुपारी कचेरी भरली. पन्नाशी-साठीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. बायको मोठी पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यात उभी होती. शिक्क्याने मिशीच्या दोन्ही टोकांवरून हात फिरवला, चार शब्द बोलला, त्यात अचूकपणा हा शब्द तीनदा आला, आणि दोरी ओढली.

पडदा सरला. मग उंच शूटर भिंतीजवळ गेली, आपल्या चेहऱ्याखालचं नाव वाचलं आणि मागे वळून बायकोला म्हणाली, "अगं, मी तू झाले की."

"आणि मी ही झाले," अध्यक्षबाई शूटरकडे बोट दाखवत म्हणाल्या. "माझं नाव कुठाय? ते हिच्या चेहऱ्याखाली बसवलंय." हिच्या म्हणजे शिक्क्याच्या बायकोच्या. मग हशा उसळला. दोघी-तिघी डोळे पुसत खुर्च्या शोधायला लागल्या.

शिक्का गुणतक्ता घेऊन आला. "हे बघा, शाईने लिहिलंय. जीके, आणि फोटोत इथे जीके."

तेव्हा माई पुढे आल्या. त्या काळी संघाचं सामान सांभाळायच्या, आता काठी घेऊन चालत. "अरे बाबा, बिब जागेचं असतं, माणसाचं नसतं. सामना संपला की सातही बिबं मी मोजून पिशवीत भरायची. एक हरवलं तर पुढच्या वर्षी खेळणार कशात? फोटोवाला उशिरा आला. मी पिशवी ओतली आणि म्हटलं, घाला पटापट. ज्या हाताला जे लागलं ते तिनं चढवलं."

शिक्क्याने गुणतक्त्याची घडी केली. तेवढ्यात बायकोने पिशवीतून फ्रेम काढून त्याच्यासमोर धरली.

"आणि हे?"

"तुझ्यासाठी होतं," तो म्हणाला. "मला वाटलं तूच ती."

ती आधी हसली. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता आणि हसू आवरेना. मग ते हसू अर्ध्यात थांबलं. "अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर चहा प्यायला बसते मी," ती हळूच म्हणाली. "पेंटरनं तरी ओळखलं असेल मला."

"मी बोललो होतो, वहिनी," पेंटर दारातून म्हणाला.

आता मात्र शिक्क्याला खरोखर रडू आलं. चुकीचं नव्हे, त्या अठ्ठावीस वर्षांचं. "चुकलो," तो म्हणाला. तीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत प्रथमच त्याच्या तोंडून निघाला होता, आणि तो नीट ऐकू यावा म्हणून सगळ्या गप्प झाल्या.

पेंटर म्हणाला, रंग खरवडला तर गिलावा निघेल. अध्यक्षबाईंनी तोड काढली. सातही जणी आपापल्या नावाखाली उभ्या राहतील, तसा नवा फोटो काढायचा आणि नावांच्या खालीच लावायचा. त्या उभ्या राहिल्या. बायको टोकाला, आपल्या नावाखाली, चवड्यांवर उंच होऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली, जणू तो चेंडू पुन्हा येणार होता. शिक्का बघत राहिला. एवढी उंच ती त्याला कधीच दिसली नव्हती.

"आणि पैजेचं काय?" फोटो झाल्यावर माईंनी विचारलं. सगळ्यांनी शिक्क्याच्या मिशीकडे बघितलं. बायकोने तर जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी बायको पुढे घरी गेली. शिक्का कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन, वरचा ओठ चाचपत, अर्ध्या तासाने पोचला. घंटी वाजवली. बायकोने दार चार बोटं उघडलं, त्याला खालून वर न्याहाळलं आणि साखळी तशीच राहू दिली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अगं, मी."

"असाल," ती म्हणाली. "छातीवर काही लिहिलेलं दिसत नाही. दोन साक्षीदार घेऊन या."