उस्मान मिस्त्रींची पेटी

सकाळी नऊ वाजता पेटीचं झाकण मिटताना 'टक' असा बारीक आवाज आला, आणि अरसलानला तो आवडलासुद्धा. चावी आत ठेवलेल्या कोटाच्या खिशात आहे, हे त्याला पाच मिनिटांनी आठवलं.

पेटीत नुसता कोट असता तर निभावलं असतं. पण त्या दिवशी अकराला नांदुऱ्याच्या मंगल कार्यालयात माणिकरावांच्या उद्योजक मंडळाचा सत्कार समारंभ होता, आणि वाटायच्या सातही ट्रॉफ्या, शाली, सन्मानपत्रं सगळं त्याच पेटीत होतं. सातातली एक ट्रॉफी खुद्द अरसलानची होती, 'युवा उद्योगभूषण'. मंचावर जुनी पेटी उघडायची, आतून एकेक ट्रॉफी काढायची, व्हिडिओ झकास होईल, ही कल्पनाही त्याचीच.

अरसलानचा धंदाही पेट्यांचाच. 'एका तासात पेटी तयार' हा त्याचा व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला होता. पातळ पत्रा, त्यावर गुलाबाचं स्टिकर, आणि झाकणावर अरसलानचा हसरा फोटो. पेटी दोन वर्षांत पोचे पडून भंगारात जाई, पण फोटो मात्र शेवटपर्यंत हसत राही. त्याच्या पेटीला बाहेरून कुलूप घालावं लागे. नुसतं दाबल्यावर आपोआप लागणारं कुलूप असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अब्बा," तो कारखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन म्हणाला, "पेटी लागली."

रज्जाकभाई पत्रा कापत होते. "मंग खोल."

"चावी आतमदी हाये."

रज्जाकभाईंनी कात्री खाली ठेवली. पेटी त्यांच्या वडिलांनी, उस्मान मिस्त्रींनी बनवलेली होती. अन्नपूर्णाबाई नर्सबाईंच्या लग्नातली ही पेटी, एक्केचाळीस वर्षं जुनी. अरसलानने ती एका दिवसासाठी मागून आणली होती आणि बाईंनी एकाच बोलीवर दिली होती, ओरखडा उमटता कामा नये.

रज्जाकभाईंनी तार घेतली, वाकवली, कुलपात घातली, फिरवली. काही झालं नाही. दुसरी घेतली, ती आतच वाकडी झाली. अरसलानच्या कपाळावर घाम आला आणि रज्जाकभाईंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू हसू पसरू लागलं.

"बिजागऱ्या काढू," अरसलान म्हणाला.

"बाहेरून दिसून राह्यल्या का तुले? आतून हायेत त्या."

"मंग बुडाकडून खोलू."

दोघांनी पेटी उलटी केली. आत ट्रॉफ्या खडखडल्या. रज्जाकभाईंनी बुडावरून बोट फिरवलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि ते मटकन खालीच बसले. "जोड नाई बे कुठं! अख्खा एक पत्रा वाकवला हाये. माशाल्ला!"

"अब्बा, साडेनऊ वाजले!"

"वाजू दे. हे पाह्य, हे कोपरे पाह्य."

शेवटी मोतीरामला बोलावलं. हरवलेल्या चाव्यांवरच या माणसाचं घर चालत होतं. त्याच्यापुढे टिकलेलं कुलूप नांदुऱ्यात अजून कोणी पाहिलं नव्हतं. तो मांडी घालून बसला, कुलपाला कान लावला, डोळे मिटून वीस मिनिटं तार फिरवत राहिला. मग उठला, चप्पल काढली आणि पेटीला हात जोडले.

"काय झालं मोतीरामभाऊ?"

"एक खटका सरकवला का मांगचा पह्यल्याच्या जागी येऊन बसते. हे ज्यानं बनवलं त्याचे पाय दाखव मले."

"ते वारले."

"मंग जाऊ दे," मोतीराम म्हणाला, आणि एक पैसा न घेता निघून गेला.

आता अरसलानचा धीर सुटला. त्याने ड्रिल मशीन काढली आणि तेवढ्यात, जणू बोलावल्यासारख्या, अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहिल्या. ड्रिलची वायर त्यांच्याआधी रज्जाकभाईंनीच उपटली.

"काय करून राह्यला रे माह्या पेटीले?"

अरसलानने सगळं सांगून टाकलं. नर्सबाईंसमोर नांदुऱ्यात कोणाला खोटं बोलता येत नसे, निम्म्या गावाला पहिली सुई त्यांनीच टोचलेली.

"अरे, मंग दुसरी चावी मांगवाची ना!" बाई म्हणाल्या.

"आमच्याकडं दुसरी चावी नाई, मावशी. दादाजान ठेवतच नव्हते."

"तुमच्याकडं काऊन असन? पेटी माही. उस्मान मिस्त्री दोन चाव्या देत. एक नवरीच्या हाती, एक तिच्या मायच्या हाती. म्हनत, विकलेल्या पेटीची चावी कारखान्यात ठेवली तर ते चोरीच झाली. माय गेली, पन चावी माहेरच्या गावी, बीबीले असन, दयारामकडं."

फोन लावला. बाईंचा भाऊ दयाराम एका दमात म्हणाला, "हाव, बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याले टांगेल हाये. माय मरताना म्हने, हे हलवाची नाई. आनू का?"

अरसलानने ड्रिल मशीन परत ठेवून दिली. आपण गेल्या महिन्यात विकलेल्या पेट्यांच्या चाव्या आज कुठे असतील, हे त्याला सांगता आलं नसतं. आणि इथे एका मेलेल्या कारागिराच्या शब्दावर एक घर एक्केचाळीस वर्षं खिळा सांभाळून होतं.

पण बीबीहून मेहकर, मेहकरहून खामगाव, खामगावहून नांदुरा, म्हणजे एस.टी.च्या कृपेने दुपारचे साडेतीन. आणि माणिकरावांचा फोन तर आत्ताच वाजत होता.

"पाहुने आले! ट्रॉफ्या कुठं हायेत?"

"पेटीत हायेत, साहेब."

"मंग आन ना पेटी!"

पेटी तशीच रिक्षात चढली. मंचावर मधोमध तिला मखमलीवर बसवलं. माणिकरावांनी एकेक नाव पुकारलं. सत्कारमूर्ती यायचे, पुढे केलेला रिकामा हात आवरून घ्यायचे, पेटीशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि जाता जाता एकदा झाकण ओढून पाहायचे. तिसऱ्या सत्कारानंतर प्रेक्षकांनीच रांग लावली. एका पैलवानाने दोन्ही हात लावले, दात-ओठ खाल्ले, आणि झाकणाऐवजी वर उचलली गेली ती अख्खी पेटी. हशा पिकला. पण पेटीजवळून परतणारा प्रत्येक माणूस हसू विसरून हळू आवाजात काहीतरी बोलत होता, आणि बोटाने तो न दिसणारा जोड शोधत होता.

मग अरसलानची पाळी आली. 'एका तासात पेटी' हे भाषण त्याला तोंडपाठ होतं. त्याने माइक धरला, तोच मागून कोणीतरी ओरडलं, "ते ऱ्हाऊ दे! हे पेटी कोनं बनवली ते सांग!"

"माह्या दादाजाननं," अरसलान म्हणाला. "उस्मान मिस्त्री."

"नाव कुठं हाये त्यायचं पेटीवर?"

"नाव नाई टाकलं त्यायनं. एकाही पेटीवर नाई."

त्यावर सभागृहात जी टाळी पडली, तशी त्या दिवशी एकाही सत्कारमूर्तीला मिळाली नव्हती. मागच्या खुर्चीवर रज्जाकभाई उघड उघड रडत होते. अरसलानने माइक खाली ठेवला. झाकणावरचा आपला हसरा फोटो आठवून त्याला मनापासून लाज वाटली.

दयारामभाऊ पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. पाहुणे गेले होते, मांडववाला खुर्च्या रचत होता. "जय भीम," म्हणत त्यांनी धोतराच्या गाठीतून चावी काढली. चावी फिरली. दिवसभर तालुक्याला झुलवणारं कुलूप लोण्यासारखं उघडलं.

माणिकराव ट्रॉफ्यांवर झेपावले. अरसलान मात्र मोबाइलची बॅटरी लावून कुलपात डोकावत होता.

"अब्बा, मले हे शिकवा."

"मले कुठं येते बे?" रज्जाकभाई म्हणाले. "येत असतं तर सकाळीच नसतं खोललं? अब्बा शिकव शिकव म्हनत, मी म्हनो, पुढच्या साली."

बापलेक भावाशेजारी उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंकडे पाहू लागले. बाईंनी पेटीच्या कडेवरून हात फिरवला.

"खोलून पाहा," त्या म्हणाल्या. "जितके दिवस लागतीन तितके लागू द्या. पन पुन्हा अस्संच बसलं पायजे."

दोघांनी एकदम माना पेटीत घातल्या. पहिला खटका दिसला, त्याच्यामागे दुसरा, आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी चमकत होतं. एवढ्यात जड झाकण डुगडुगलं. अरसलानने न बघताच हात मागे केला, हाताला लागली ती वस्तू उभी करून झाकणाखाली अडकवली. ती 'युवा उद्योगभूषण' होती.

"अरे, तुटीन ना ते!" माणिकराव ओरडले.

"तुटू द्या साहेब," आतून आवाज आला. "अब्बा, बॅटरी जरा इकडं धरा."