काम असणाऱ्यांनी आत येऊ नये

सन १९८६च्या उन्हाळी सुट्टीत आमच्या सौभाग्यवती कमलाबाई यांनी दोन बागा आणि एक जंगल पाहण्याचा कार्यक्रम मंजूर केला. चंद्रपुराहून नईमभाईंची जीप ठरली. पहिल्या बागेत ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी होती आणि ती पाळणं जड जाऊ नये म्हणून फुलंच लावलेली नव्हती. दुसऱ्या बागेत सिमेंटचं हरीण होतं. त्याची शिंगं आधीच्या पर्यटकांनी आठवण म्हणून नेली होती. दोन्हीकडे फोटो काढून आम्ही समाधानाने कुरखेड्याच्या बाजूला निघालो, कारण पुढे जांभुळझरी वनोद्यान होतं.

जंगल जुनंच होतं, पण त्याला नुकतंच फाटक बसलं होतं. गावकरी पूर्वापार ज्या वाटेने ये-जा करत, तिचं ‘निसर्ग पायवाट’ असं नामकरण झालं होतं. फाटकावर पाटी होती: ‘प्रवेश केवळ निरुद्देश भ्रमणासाठी. काम असणाऱ्यांनी आत येऊ नये.’ जन्मभर कचेऱ्यांच्या दारांवर याच्या उलट पाट्या वाचत आलो होतो. आपली पात्रता शेवटी सरकारने ओळखली, असं वाटून माझा ऊर भरून आला.

फाटकाशी ठमाबाई नावाची एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. वाटेच्या पलीकडल्या टोकाला तिच्या लेकीचं, रुखमाचं गाव. रुखमाला पहाटेपासून कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता, आणि पहिलंच बाळंतपण. पायवाटेने तासाभराची चाल. सडकेने जायचं तर मोठा वळसा आणि उद्याची एसटी; आमच्या जीपनेही रात्र झाली असती. परंतु बाळंतपण हे कामात मोडत असल्यामुळे फाटकावरचा रखवालदार पत्रू तिला सोडत नव्हता. हा पत्रू तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

“मावशी, ड्युटीवर नातं नाई,” तो म्हणाला. “नुसती फिराले आली असती तं सोडलं असतं. तुले तं काम हाय.”

कमलाने तडकाफडकी निर्णय घेतला की ठमाबाई आमच्यासोबतच्या पर्यटक आहेत. पत्रूने हरकत घेतली नाही, मात्र नियमाप्रमाणे चौकशी करणं त्याला भाग होतं. आत काय पाहायचं आहे, असं त्याने मावशीला विचारलं.

“माह्या पोरीचं तोंड,” ठमाबाई म्हणाली.

अर्ज तिथल्या तिथे फेटाळण्यात आला. मग कमलाने तिला बाजूला घेऊन शिकवणी घेतली. निसर्ग पाहायचा आहे एवढंच म्हणायचं, आणि तोंडावर काळजी दिसू द्यायची नाही. काळजी काही केल्या जाईना, तेव्हा नईमभाईंनी आपला काळा गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला. गाठोड्यात नातवंडासाठी शिवलेलं कुंचडं होतं; ते कमलाच्या पिशवीत गेलं आणि ठमाबाईच्या हाती थर्मास आला. पुरावा म्हणून तिला एका सागाकडे कौतुकाने पाहत उभं राहावं लागलं. मी फोटो काढला. पत्रूची खात्री पटली, आम्ही चौघे आत गेलो.

आता ती धावतच सुटणार, तर मचाणावरून शिटी वाजली. भरभर चालणं हे काम असल्याचं लक्षण मानलं जात होतं. ठमाबाई थांबली, इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं, पुन्हा निघाली, पुन्हा शिटी. मध्ये ‘येथे थांबून आनंद घ्यावा’ अशा पाट्या होत्या. प्रत्येक पाटीशी तिला आनंद घ्यावा लागला. तासाभराच्या वाटेत आमची दुपार कलली.

दुसऱ्या फाटकाशी तिचा जावई श्रावण वाट पाहत उभा होता. बायकोसाठी सुंठ-गूळ आणायला तो बाजाराला निघाला होता, पण त्यालाही काम असल्यामुळे तोही अडकला होता.

“मामी, पोरगी झाली,” तो म्हणाला. “रुखमा तुलेच हाका मारत होती. इतका उशीर काऊन केला?”

ठमाबाईने गॉगल काढला. डोळे भरले होते. “निसर्ग पाहून राह्यली होती बापा,” ती म्हणाली आणि कुंचडं घेऊन गावाकडे पळत सुटली. मला फार वाईट वाटलं. ते दाबण्यासाठी मी थर्मासातला चहा घेतला.

परतताना अडचण आली. आत गेले तितकेच बाहेर आले पाहिजेत, असा नियम होता. तेव्हा गॉगल श्रावणने लावला आणि आम्ही रमतगमत पहिल्या फाटकाशी आलो. पत्रूने मोजले: चार. आत गेलेल्या बाईला बाहेर येईतो मिशा फुटल्या होत्या, पण नियम मोजण्याचा होता, ओळखण्याचा नव्हता. मोजून झाल्यावर त्याने डोक्यावरची सरकारी टोपी काढली.

“काय झालं?” त्याने हळूच विचारलं.

“पोरगी. दोघी बऱ्या हायेत,” श्रावण म्हणाला.

पत्रू हसला. मग त्याने टोपी घातली.

तो सागाजवळचा फोटो छान आला आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो दाखवतो. ही गॉगलवाली बाई कोण, कुठे निघाली होती, वेळेवर पोहोचली का, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. सगळे एवढंच विचारतात की वाघ दिसला का.

नाही दिसला. तुमच्याही ओठांवर तेच होतं ना? मग या एकदा जांभुळझरीला. तुम्हाला फाटकावर कोणी अडवणार नाही.